सुवॉनची घंटा, डोंबिवलीचा गल्ला

दक्षिण कोरियातल्या साध्या खाणावळीतही टेबलाच्या कडेला बहुधा एक बटण असतं. ते दाबलं की काउंटरजवळच्या पाटीवर टेबलाचा आकडा उजळतो, घंटा वाजते आणि कुणीतरी लगबगीनं येतं. वेटरची नजर पकडायची नाही, हात वर करून ताटकळायचं नाही, ‘ओ, जरा इकडे’ असं तिसऱ्यांदा ओरडायचं नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून नोकरीसाठी तिकडे गेलेली माणसं सुट्टीवर घरी आली की आधी या बटणाचं कौतुक सांगतात. मग घरच्यांना घेऊन स्टेशनजवळच्या हॉटेलात जातात, पाण्याच्या ग्लासाची वाट बघत बसतात आणि ठरलेलं वाक्य टाकतात : ‘‘आपल्याकडे सर्व्हिस नावाचा प्रकारच नाही.’’

या वाक्यावर विश्वास ठेवायची घाई नको. तीच माणसं दुसऱ्या चहापर्यंत थांबवून घेतली, तर वेगळंच बोलू लागतात.

इथून कोरियाला जाणारी वाट आता तशी नवलाईची राहिलेली नाही. सुवॉन शहरात सॅमसंगचं मुख्यालय आहे. तिथे इंजिनीअर जातात. देजॉनला ‘काइस्ट’ ही विज्ञान-तंत्रज्ञानाची संस्था आहे, आजूबाजूला संशोधन प्रयोगशाळा आहेत. तिथे पीएचडी आणि त्यानंतरच्या संशोधनासाठी मुलं-मुली जातात. गोजे बेटावर जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजबांधणी कारखान्यांपैकी दोन आहेत. जहाज बांधून होईपर्यंत त्याच्यावर देखरेख ठेवायला मालक कंपन्या आपले मरीन इंजिनीअर तिथे वर्ष-दोन वर्षं ठेवतात, आणि मर्चंट नेव्हीत मराठी माणूस पूर्वीपासून आहेच. कोरियाची लोकसंख्या पाच कोटींहून थोडी जास्त. त्यात परदेशी रहिवासी २५ लाखांच्या वर गेले आहेत. म्हणजे दर वीस माणसांमागे एक परका. दुकानदाराला त्याची सवय व्हायला हवी, आणि हळूहळू होतेही आहे.

कौतुकाचा भाग आधी. कोरियन हॉटेलात टिप देत नाहीत. दिली तर माणूस पैसे विसरला असं समजून मागून पळत येतात, हे सगळेच सांगतात. मेन्यूवर जो भाव, तोच बिलात. दहा टक्के कर त्यातच धरलेला. बिल टेबलावर येण्याची वाट बघायची नाही, उठून दारातल्या काउंटरवर द्यायचं. चमचे आणि चॉपस्टिक्स टेबलाच्याच खणात. पाणी बहुतेक ठिकाणी आपलं आपण घ्यायचं आणि तशी पाटी लावलेली असते. मुख्य पदार्थाच्या आधीच लहान लहान ताटल्यांत किमची, पालेभाजी, मोडाची भाजी असे चार-पाच प्रकार येतात. संपले की पुन्हा मिळतात, फुकट. आपल्या थाळीतल्या ‘अनलिमिटेड’सारखा त्याचा गाजावाजा नसतो. म्हाताऱ्या मालकिणीला गिऱ्हाईक मावशी म्हणून हाक मारतं, आणि मावशीही मग तरण्या पोराच्या ताटलीत न मागता वाढते. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सकाळी दार उघडताना दोन्ही बाजूंना कर्मचारी उभे राहून कमरेतून वाकतात. आपला माणूस पहिल्या दिवशी मागे वळून बघतो, की मागून कुणी मोठा साहेब येतोय काय.

आता आपल्याकडचं बिल बघा. खाली बारीक अक्षरांत दहा टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर जीएसटी आणि शिवाय वेटर बडीशेपेची वाटी घेऊन रेंगाळतोय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढून हॉटेलांना असा आकार आपोआप लावायला मनाई केली. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्या सूचना योग्य ठरवल्या. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. तरीही ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या झगमगीत हॉटेलात ती ओळ बिलात दिसते, आणि आपण चारचौघांत कुठे वाद घाला म्हणून भरतो. या बाबतीत कोरियानं आपल्याला शिकवावं, आपण मुकाट शिकावं.

पण मेन्यू उघडल्यावर गोष्ट बदलते.

देजॉनला संशोधन करून परत आलेली डोंबिवली पूर्वेची एक मुलगी सांगत होती. शाकाहारी आहे. हॉटेलात जाऊन ‘मांस नको’ एवढं कोरियन वाक्य तिनं पाठ केलं होतं. ताटात हॅमचे तुकडे आले. विचारलं तर मालकीण गोंधळली : मांस कुठंय? हॅम आहे. दुसऱ्या ठिकाणी भाज्यांचं सूप मागवलं, तर त्याचं पाणीच सुक्या मासळीचं. किमची तर निव्वळ कोबी म्हणून खातात लोक. बहुतेक किमचीत कोळंबीचं किंवा मासळीचं आंबवण असतं. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. त्या स्वयंपाकघरात ‘शाकाहार’ नावाचा कप्पाच नाही, बौद्ध मठांतलं जेवण सोडलं तर. आणि मुख्य म्हणजे पदार्थ बदलून देण्याची पद्धत नाही. मेन्यूत जसा आहे तसा घ्या. हे काढा, ते घाला, हे वेगळ्या वाटीत द्या, असं म्हणणारा माणूस तिथे विचित्र ठरतो.

तिचं म्हणणं होतं, की डोंबिवलीच्या कुठल्याही उडप्याकडे बसलेलं एक कुटुंब बघा. आजोबांना इडली, पण सांबार वेगळं आणि कोमट. सुनेला पावभाजी, बटर कमी. शेजारच्या टेबलावर जैन पावभाजी, म्हणजे कांदा-लसूण-बटाटा काहीच नाही. पोराला डोसा, पण आत भाजी नको, आणि तो कागदासारखा कडक. वेटर हे सगळं कागदावर न लिहिता ऐकतो, आतल्या खिडकीशी जाऊन एका दमात ओरडतो आणि दहा मिनिटांत सगळं बरोबर येतं. चेहऱ्यावर हसू नसतं, हे खरं. टेबल पुसायचं फडकं तुमच्या कोपरावरून फिरतं, हेही खरं. पण या माणसाच्या डोक्यात जे चालतं त्याला ‘सर्व्हिस’ म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं?

एकट्यानं जेवण्याचंही तसंच. कोरियात मांस भाजून खायच्या कितीतरी हॉटेलांत किमान दोन माणसांचं घ्यावं लागतं. एकट्याला कधी दोन ताटांचे पैसे मोजावे लागतात, कधी दारातूनच माघारी पाठवतात. अलीकडे एकट्यांसाठीची हॉटेलं वाढली आहेत, कारण एकटे राहणारेच वाढलेत. गोजेला जहाजावर देखरेखीसाठी गेलेले कल्याणचे एक चीफ इंजिनीअर म्हणत होते, की पहिले काही आठवडे ते दुकानातल्या गरम पाण्याच्या नळावर नूडल्सचा डबा भरून तिथेच उभ्यानं जेवायचे. आपल्या लोकलच्या गावांत एकट्यानं जेवणं म्हणजे नेहमीची रीत. मेसचा डबा, राईस प्लेट, पोळी-भाजी केंद्रातल्या दोन पोळ्या आणि पाव किलो भाजी. डोंबिवलीतल्या या पोळी-भाजी केंद्रांवर कुणी तरी एकदा नीट पुस्तक लिहायला हवं. संध्याकाळच्या फास्ट लोकलमधून उतरणाऱ्या बायकांच्या पायांचा वेग ओळखून ज्यांनी धंदा उभा केला, त्या बायकांनी कुठल्या व्यवस्थापन संस्थेत प्रवेश घेतला नव्हता. रोजच्या गिऱ्हाइकाला ‘ताई, आज भेंडी संपली, फ्लॉवर बांधू?’ असं विचारताना हात थांबत नाही. मंगळवार-गुरुवारचे उपास कुणाकुणाला, हेही त्यांना माहीत असतं.

अडचण नव्या माणसाची आहे. तिकडे काय, इकडे काय, दुकानाचे न लिहिलेले नियम ज्याला ठाऊक त्याचीच चैन.

ठाण्यात मामलेदार मिसळ खायला जा. १९४६ पासून चाललेलं दुकान. नरसिंह मुर्डेश्वरांनी तहसील कचेरीच्या आवारात सुरू केलं म्हणून नाव मामलेदार. पुढे लक्ष्मण मुर्डेश्वरांनी ते नावारूपाला आणलं. इथं बसताना कुणी तुम्हाला जागा दाखवत नाही. जिथं रिकामं बाकडं तिथं टेकायचं, समोर अनोळखी माणूस असला तरी. तिखट किती हे आधीच सांगायचं. ‘मीडियम’ म्हणजे इतरत्रचं जहाल, हे कुणी सांगत नाही, डोळ्यांतून पाणी आलं की कळतं. खाऊन झालं की उठायचं, गप्पा बाहेर. जुन्या ठाणेकराला हे पाठ असतं. पण पहिल्यांदा आलेला, हिंदीही अडखळत बोलणारा तरुण दारात उभा राहून कुणी ‘या, बसा’ म्हणेल म्हणून वाट बघतो, तेव्हा त्याची अवस्था आणि सुवॉनच्या हॉटेलात घंटेचं बटण शोधणाऱ्या आपल्या इंजिनीअरची अवस्था यांत मला फार फरक दिसत नाही. कल्याणचा खिडकी वडा त्याहून मजेशीर. वझे कुटुंबाच्या घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात झाली, म्हणून ते नाव. दुकान नाही, खिडकी. अशी जागा गुगल नकाशा येण्याआधी परगावच्या माणसाला कुणी दाखवल्याखेरीज सापडणं कठीणच होतं. चांगल्या जागा अशाच असतात असं आपण कौतुकानं म्हणतो, कारण आपण आतले.

कोरियात आता न लिहिलेल्या नियमांची जागा यंत्रानं घेतली आहे, आणि तिथेच परक्याची खरी कोंडी होते. बर्गरच्या दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत ऑर्डर घेणारे पडदे आले. कितीतरी ठिकाणी पडदा फक्त कोरियनमध्ये. वाचत बसलात तर वेळ संपून पहिल्या पानावर जातो आणि मागे रांग उभी. परदेशी कार्ड काही पडदे घेतात, काही नाही. त्याहून मोठा डोंगर म्हणजे ओळख पटवणं. ऑनलाइन खरेदी, घरपोच जेवण, सिनेमाचं तिकीट, कुठेही खातं उघडायचं तर तुमच्या नावावर घेतलेला कोरियन मोबाइल नंबर लागतो, आणि त्या नंबरवरचं नाव, रहिवासी कार्डावरचं नाव, बँकेतलं नाव ही तिन्ही अक्षर न् अक्षर सारखी असावी लागतात. कोरियन नाव बहुतेक तीन अक्षरांचं. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर तर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी दोन्ही नावं एकाच रकान्यात.

ठाण्याच्या वसंत विहारमधलं एक जोडपं काही वर्षं सुवॉनला होतं. बाईंच्या नावात नवऱ्याचं नाव मधे. मोबाइल कंपनीच्या रकान्यात ते नाव अर्धंच मावलं. बँकेनं पूर्ण घेतलं, पण दोन नावांमधली जागा गाळली. रहिवासी कार्डावर आडनाव आधी. परिणाम असा, की पहाटे दारात भाजी आणून ठेवणारी, रात्री बारापूर्वी मागवलं तर उजाडायच्या आत पोचवणारी ती जगप्रसिद्ध कोरियन डिलिव्हरी बाईंच्या दारापर्यंत यायला तयार नव्हती. नवऱ्याचं खातं चालायचं, कारण कंपनीच्या माणसानं त्याचे सगळे कागद एका दिवशी, एकाच पद्धतीनं करून घेतले होते. बाई म्हणाल्या, ‘‘दुकानात गेले की सगळे इतके वाकून बोलायचे, पण त्यांच्या कॉम्प्युटरच्या लेखी मी जन्मालाच आले नव्हते.’’ मोबाइलच्या दुकानातल्या मुलीनं अर्धा तास खपून, तीन ठिकाणी फोन करून, शेवटी हात जोडून माफी मागितली. तिचा काय दोष?

याचा आरसा बघायला लांब जायला नको. तेच जोडपं सुट्टीवर आलं. नौपाड्यात भाजीवाल्यापासून गजरेवालीपर्यंत सगळ्यांच्या गाड्यांवर क्यूआर कोड. ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असं डबा ओरडतो तेव्हाच व्यवहार झाला असं मानतात. यांच्या फोनमध्ये कोरियन नंबर. यूपीआयला एरवी भारतीय नंबर लागतो. परदेशी नंबरवर यूपीआय चालवायची सोय एनआरआय खातेदारांना जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली, पण त्या पहिल्या यादीत दहाच देश : सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन. दक्षिण कोरिया त्यात नव्हता. तेव्हा पाचशेची नोट काढली. भाजीवाला म्हणाला, सुट्टे नाहीत. जन्म ठाण्यात, शाळा ठाण्यात, आणि जुडीभर मेथी घेता येईना!

फरक पुढे पडला. भाजीवाल्यानं मेथी पिशवीत टाकली आणि म्हणाला, ‘‘न्या हो ताई, उद्या द्या.’’ ओळख नाही, पाळख नाही. सुवॉनच्या दुकानात हे घडलं नसतं, आणि घडलं नसतं याबद्दल सुवॉनच्या दुकानदाराला दोष देता येत नाही. तिथे गल्ल्यावर जो बसतो तो बहुधा पगारी असतो, उधारी त्याच्या हातात नसते. आपल्याकडेही मॉलच्या काउंटरवरची मुलगी ‘उद्या द्या’ म्हणू शकत नाही. ती उलट बिल करण्याआधी ‘‘सर, मोबाइल नंबर?’’ विचारते. नंबर दिल्याशिवाय बिलच होत नाही, असंही काही ठिकाणी सांगतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच दुकानांना बजावलं होतं की बिलासाठी नंबराची सक्ती करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. काउंटरवरच्या मुलीला हे कुणी सांगितलेलं नसतं. ती रकाना भरते, बस्स.

दारातूनच परत पाठवणं हा प्रकार याच्याही पुढचा. कोरियात सरसकट भेदभावाला बंदी करणारा कायदा अजूनही झालेला नाही. वर्षानुवर्षं मसुदे येतात आणि बारगळतात. २०११ मध्ये बुसानच्या एका सार्वजनिक स्नानगृहानं उझबेकिस्तानात जन्मलेल्या, पण रीतसर कोरियन नागरिक झालेल्या बाईला चेहऱ्यावरून आत घेतलं नाही. पोलिस आले, पण त्यांच्याकडे लावायला कलमच नव्हतं. २०१७ मध्ये सोलच्या इतेवॉन भागात, म्हणजे जिथे परदेशी लोकांचाच राबता, एका बारनं एका तरुणाला भारतीय म्हणून अडवलं. त्याची चित्रफीत जगभर फिरली. लहान मुलांना मज्जाव करणारी हॉटेलं तर आजही आहेत, तिथल्या मानवाधिकार आयोगानं २०१७ मध्ये तसं करणं भेदभाव ठरवलं तरी. इथून गेलेल्या बहुतेकांच्या वाट्याला असं उघड काही आलेलं नाही. त्यांना जाणवतं ते वेगळं : बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, कपड्यांच्या दुकानात अंगाला लावून बघायला गेलं की हातातून कपडा घेतला जातो. पण भुयारी बाजारांतल्या लहान दुकानांत तर कोरियन माणसालाही वरचे कपडे घालून बघू देत नाहीत. यातलं काय परकेपणामुळे आणि काय सगळ्यांसाठीच, हे न कळणं हाच परक्याचा रोजचा ताप.

आपण मात्र लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. भाड्यानं घर देताना आपल्या सोसायट्या काय काय विचारतात, हे कल्याण-डोंबिवलीत घर शोधणाऱ्या कुठल्याही मुस्लिम, ईशान्येकडच्या किंवा एकट्या राहणाऱ्या मुलीला विचारा. तिथे वाकून माफी मागण्याचीही रीत नाही.

आणि भाषा. दुकानाची पाटी मराठीत हवी, हा कायदा आहे आणि योग्य आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही तो लागू झाला. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं दोन महिन्यांत पाट्या लावा, असं सुनावलं. पाटी वाचणारा मराठी माणूस दुकानात शिरला की त्याला मराठीत उत्तर मिळावं, ही अपेक्षाही रास्तच. पण २०२५ च्या जूनअखेर मीरा रोडला मिठाईच्या दुकानदाराला मराठीवरून थोबाडीत मारली गेली, मग व्यापाऱ्यांचा बंद, मग उलट मोर्चा, हे सगळं बघताना कोरियातून आलेला एक जण मला म्हणाला ते महत्त्वाचं वाटतं. चार वर्षांत त्याला कोरियन शिकायला भाग पाडलं ते दुकानांनीच. पण तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीनं चुकीच्या उच्चाराला हसून दुरुस्त केलं, मग पुढच्या वेळी मुद्दाम तोच शब्द वदवून घेतला. तो म्हणाला, ‘‘किराणावाल्यानं मराठी शिकावी असं वाटत असेल, तर रोज त्याच्याशी मराठी बोलायला आपण किती वेळा थांबतो? आपणच आधी हिंदीत सुरू होतो.’’ खोटं नाही. वागळे इस्टेटमधल्या वडापावच्या गाडीवर उभं राहून ऐका, दोन मराठी माणसं एकमेकांशी हिंदीत भाव करत असतात.

काउंटरच्या पलीकडे उभा असतो त्याचं काय, हा प्रश्न कोरियानं आपल्याआधी विचारला, कारण तिथे तो फार चिघळला. डिसेंबर २०१४ मध्ये कोरियन एअरच्या न्यूयॉर्कहून सुटणाऱ्या विमानात मालकाच्या मुलीला, जी स्वतः कंपनीची उपाध्यक्ष होती, मॅकाडेमिया नट्स बशीत न देता पुडीत दिले म्हणून तिनं मुख्य कर्मचाऱ्याचा पाणउतारा केला आणि विमान मागे फिरवून त्याला उतरवलं. देशभर संताप झाला. गिऱ्हाइकाला राजा करता करता नोकराची काय दशा झाली, यावर लोक बोलू लागले. २०१७ मध्ये जीएस काल्टेक्स या तेलकंपनीनं आपल्या कॉल सेंटरमध्ये एक साधी गोष्ट केली. फोन जोडला जाण्याआधी कर्मचाऱ्याच्या घरच्याच माणसाचा आवाज ऐकवायचा. एखादे वडील सांगतात की आता आमची गुणी मुलगी तुमच्याशी बोलणार आहे. ऑक्टोबर २०१८ पासून तर कायदाच झाला. ग्राहकाच्या शिवीगाळीनं कर्मचारी हादरला, तर त्याला काम थांबवून विश्रांती देणं मालकावर बंधनकारक आहे.

आपल्याकडे २०२५ च्या जुलैत कल्याण पूर्वेला नांदिवलीत एका बालरुग्णालयाच्या स्वागतकक्षातल्या मराठी तरुणीला एका माणसानं लाथ मारून, केस धरून ओढलं. तिनं त्याला थांबायला सांगितलं होतं, डॉक्टरांच्या खोलीत कुणी होतं म्हणून. सीसीटीव्हीची चित्रफीत घरोघरी पोचली आणि तासाभरात प्रकरण मराठी विरुद्ध परप्रांतीय झालं. नंतर आणखी एक चित्रफीत आली, तीत त्या आधीच्या बाचाबाचीत तरुणीनंही त्याच्याबरोबरच्या बाईवर हात उचललेला दिसला. लगेच निम्मे लोक उलट बाजूला गेले. तिनं हात उचलला हे चूक. त्यामुळे त्या माणसाला लाथेची परवानगी मिळत नाही. पण त्या खोलीत रडणारी मुलं, ताटकळलेले आईबाप, एकच खुर्ची, एकच मुलगी, आणि भडका उडाला तर बोलवायचं कुणाला याची काही सोय नाही, यावर कुणी बोललं नाही. हॉटेलातल्या नेपाळी, बिहारी, बंगाली पोरांच्या वाट्याला यातलं थोडं थोडं रोज येतं. त्याची चित्रफीत नसते.

गिऱ्हाइकानं दुकानदाराशी भांडत बसण्यापेक्षा दुकानच वगळून टाकावं, असाही एक मराठी मार्ग आहे, आणि तो ठाणे-डोंबिवलीत चांगला रुजला. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी त्यामागे होते, सुधीर फडकेही. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या सामानाची एकत्र यादी द्यायची, माल एकाच्या घरी उतरायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. तिथं गल्लाच नाही, त्यामुळे गल्ल्यावरचा तुसडा माणूसही नाही. पण पहिल्यांदा संघात आलेल्या सुनेला विचारा. तांदूळ मोजायला कुणाची पाळी, पिशव्या कुणी आणायच्या, सगळं तिलाही कुणीतरी सांगावंच लागलं होतं.

सांगणारा माणूस. सगळ्या गोष्टींत मला शेवटी तोच दिसतो. ठाण्याच्या विवियाना मॉलनं सेंट झेवियर्स कॉलेजच्या संसाधन केंद्राची मदत घेऊन अंधांना मॉलमध्ये स्वतंत्रपणे वावरता येईल अशी व्यवस्था केली, तेव्हा त्यात उपकरणं होती, स्पर्शानं वाचता येणाऱ्या खुणा होत्या, पण कर्मचाऱ्यांना कसं बोलायचं ते शिकवणंही होतं. तेवढं अंधांसाठी जमतं, तर रांगेत गोंधळलेल्या परगावच्या म्हाताऱ्यासाठी का जमू नये? त्याला यंत्र लागत नाही. ‘काका, कुपन आधी तिथं घ्या’, एवढं बोलायचं असतं.

दिवाळीत पाहुणे येतील. पहाटे फडके रोड फुलेल आणि गणपतीचं दर्शन घेऊन निम्मी डोंबिवली हॉटेलांच्या दारांत रांग लावेल. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना आधीच कळवा : भारतीय नंबर चालू नसेल, तर तुम्ही राहता तो देश यूपीआयच्या यादीत आहे का ते बँकेकडून तपासून घ्या, नसेल तर शंभराच्या नोटा जवळ ठेवा. हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा. दुकानात मोबाइल नंबर न देता बिल मागा, ते तुमच्या हक्काचं आहे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि सणाच्या दिवशी घरच्यांपासून हजार मैलांवर तुमचं टेबल पुसणाऱ्या पोराची दिवाळीची पोस्त त्याच्या हातात द्या, बिलात नको.